सेशेल्सची बोट आणि तालुक्याची बँक : माझा अनुभव

बेअरबोट म्हणजे कप्तान, खलाशी, स्वयंपाकी यांपैकी कोणीही सोबत नसलेली भाड्याची शिडाची बोट. हाकायची आपण, नांगरायची आपण. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर असा एक आठवडा काढायचं ठरलं, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात ज्याने त्याने समुद्राचीच भीती घातली. समुद्राचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. काम अडलं ते तालुक्याच्या बँकेत, आणि तो काउंटर आठवला की अजूनही डोकं तापतं. म्हणून आपल्या भागातून कोणी जाणार असेल, तर बोट पसंत करण्याआधी पैसे पाठवायच्या तयारीला लागा.

सेशेल्सच का, तर भारतीय पासपोर्टला तिथे व्हिसा लागत नाही. निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास-परवानगी काढायची. त्यात परतीचं तिकीट आणि राहण्याचा पुरावा मागतात, तिथे बोटीचा करार जोडायचा. माहे, प्रालिन, ला डीग ही आतली बेटं विषुववृत्ताच्या दक्षिणेला ४ ते ५ अंशांवर आहेत, चक्रीवादळांच्या पट्ट्याबाहेर. मे ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा जोरात, डिसेंबर ते मार्च वायव्येचा वारा आणि पाऊस. मधले एप्रिल आणि ऑक्टोबर शांत. ऑक्टोबरात आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी, त्यामुळे शेतकऱ्याला एप्रिलच सोयीचा. मृगाला अवकाश असतो. एप्रिलात वारा पडलेला असतो, इंजिन जास्त चालतं, म्हणून डिझेलचा खर्च वाढवून धरा.

आपल्यातला जो कप्तान होणार, त्याच्याकडे बोट हाकण्याचं प्रमाणपत्र हवं: आरवायए (ब्रिटिश संस्था) डे स्किपर किंवा एएसए (अमेरिकन संस्था) १०४ पातळीचं. सोबत अनुभवाचा तक्ता मागतात: कोणती बोट, किती फुटी, कोणत्या पाण्यात, कप्तान होतात की खलाशी. बोट भाड्याने देणाऱ्या कंपनीला शंका आली तर पहिले एक-दोन दिवस त्यांचा कप्तान सोबत देतात. त्याचा रोज, जेवण आणि झोपायची जागा आपल्याकडे. म्हणून सगळ्या केबिन माणसांनी भरू नका.

आता बँक. करार झाला की साधारण निम्मी रक्कम लगेच भरायची, उरलेली निघण्याच्या महिना-दोन महिने आधी. कार्डाने भरलं तर परकीय चलनाचा अधिभार मोठ्या रकमेवर चांगलाच बसतो, म्हणून बँकेतून थेट पाठवणं बरं. पण परदेशी पैसे पाठवायचा अधिकार प्रत्येक शाखेला नसतो. तालुक्याची शाखा फॉर्म ए-२, म्हणजे परदेशी पैसे पाठवायचा अर्ज, भरून घेते आणि नागपूर किंवा अमरावतीच्या फॉरेक्स (परकीय चलनाच्या) शाखेला पाठवते. तिथे एक शंका निघाली की कागद परत, उत्तर दिलं की पुन्हा वर. प्रत्येक खेपेला नवी शंका, आणि तिकडे कंपनीची मुदत संपत आलेली. त्यामुळे पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारा: हे काम कोणती शाखा करते, आणि तिथल्या टेबलाचा ईमेल काय? मग कागद थेट तिकडे पाठवा आणि तालुक्याला प्रत द्या. मी हे केल्यावरच फाइल हलली.

पहिली शंका कोडची. ए-२ मध्ये पैसे कशासाठी जातात त्याचा कोड लिहावा लागतो. करारात बोट आणि चार्टर हे शब्द दिसले, आणि काउंटरवरचे साहेब म्हणाले, "भाऊ, जहाजाचं भाडं आहे ना, मंग हे वाहतुकीतच जाते." वाहतुकीचे कोड जहाज कंपन्यांच्या व्यवहारांसाठी असतात, तो कोड टाकला की वरून मालाचे कागद मागतात, आणि ते आपल्याकडे असणार कुठून? हा सुट्टीचा प्रवास आहे. कोड एस०३०६. अर्जावर तो स्वतःच्या हाताने लिहा आणि कंपनीकडून एका पानाचं पत्र घ्या: अमुक माणसांनी अमुक तारखांना सुट्टीसाठी बोट भाड्याने घेतली आहे, बोट विकत दिलेली नाही. हे पत्र मागितल्याबरोबर मिळालं आणि विक्रीची शंका तिथेच मिटली.

दुसरी शंका उत्पन्नाची, आणि शेतकऱ्याला ती जास्त झोंबते. "इन्कम टॅक्सचं रिटर्न दाखवा." शेतीचं उत्पन्न करमुक्त, दुसरं उत्पन्न नसलेल्या कितीतरी घरांत रिटर्न भरलेलंच नसतं. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (व्यक्तीला परदेशी पैसे पाठवू देणारी योजना) नियमांत एक वर्ष जुनं खातं आणि ते नसेल तर रिटर्न, ही अट भांडवली व्यवहारांसाठी आहे, प्रवासखर्चासाठी नाही. पॅन मात्र लागतोच. नियम आपल्या बाजूने असला तरी वाद घालत बसू नका, कागद समोर ठेवा: सातबारा, पेऱ्याची नोंद, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या आणि कापसाचे पैसे जमा झालेले वर्षाचे खातेउतारे. पैसा कुठून आला हे पट्टीवरची रक्कम आणि खात्यातली रक्कम जुळली की दिसतं. जुळणाऱ्या नोंदींवर पेन्सिलने खूण करून द्या, तपासणारा लवकर सही करतो.

तिसरी शंका आली तेव्हा माझा संयम संपला. सीएचं १५सीबी प्रमाणपत्र, म्हणजे परदेशी जाणाऱ्या पैशावर कर लागतो का ते सांगणारा कागद, हवं म्हणे. व्यक्तीने एलआरएसखाली, रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागत नाही असे पैसे पाठवले, तर तेव्हाच्या आयकर नियम ३७बीबीप्रमाणे १५सीए (पाठवणाऱ्याचं निवेदन) आणि १५सीबी दोन्ही लागत नव्हते. हे तोंडी सांगून कोणी ऐकत नाही. सध्याच्या नियमाची प्रत आणि रिझर्व्ह बँकेची प्रश्नोत्तरं छापून अर्जाला टाचा आणि शंका लेखी द्या म्हणा. शंका लेखी द्यायची म्हटलं की निम्म्या तिथेच मिटतात. उरलेल्यांसाठी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. या एका वाक्यासकट अर्ज दिला आणि मोहोर उमटली.

पैसे निघाले तरी एक खाच राहते. फॉर्मवर खर्च कोणाचा या रकान्यात ओयूआर, म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, निवडा. नाहीतर वाटेतली बँक आपला वाटा कापते, कंपनीला काही युरो कमी पोचतात आणि करारावर बाकी दिसत राहते. पैसे गेले की स्विफ्टची (बँकेने पैसे पाठवल्याच्या संदेशाची) प्रत मागून लगेच कंपनीला पाठवा. सेशेल्सचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. आपली बँक बंद झाल्यावरही तिकडचं ऑफिस चालू असतं.

सगळ्यांचे पैसे एकाच्या खात्यातून जात असतील तर करारही त्याच्याच नावाने करा. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतलेला आगाऊ कर) कापतात. रिटर्नमध्ये तो परत मिळतो, पण तेवढे पैसे अडकून पडतात. गट मोठा असेल तर दोन बोटी, दोन करार, दोन पॅन.

बोटीवरचं थोडक्यात. पहिल्या दिवशी ताबा मिळेपर्यंत दुपार उलटते आणि भाड्याच्या बोटींना रात्री चालायची मनाई असते. संध्याकाळी साडेसहाच्या आत सूर्य मावळतो. म्हणून तेव्हा माहेजवळच्या सेंट ॲन उद्यानापर्यंतच जा. प्रालिन सुमारे २५ सागरी मैल, ६ नॉटच्या (ताशी ६ सागरी मैल) वेगाने चार-साडेचार तास, सकाळी निघा. नांगराची साखळी खोलीच्या पाचपट सोडायची, आणि त्या खोलीत बोटीच्या पुढच्या टोकाची पाण्यापासूनची उंचीही धरायची. पाणी ६ मीटर, टोक दीड मीटर, तर साखळी साडेसदतीस मीटर. नांगर वाळूतच टाका. प्रवाळावर टाकायला बंदी आहे, शिवाय साखळी खडकात अडकते. मग इंजिन मागे घेऊन ताण द्या आणि किनाऱ्यावरची दोन झाडं एका रेषेत धरून बघा. रेषा सरकली तर नांगर घसरतोय, उचलून पुन्हा टाका.

डाळ-तांदूळ राजधानी व्हिक्टोरियात मिळतात. इथून काळा मसाला आणि तिखट बंद पाकिटात न्या आणि विमानतळावर जाहीर करा. ताज्या भाज्या आणि बियाणं नेऊ नका.

अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड लागतं, काही हजार युरो त्यावर अडवून ठेवतात. कार्डावरचे परदेशी व्यवहार आपल्याकडे मुळात बंद असतात. ॲपमधून चालू करा, मर्यादा वाढवा आणि कप्तानाच्याच नावाचं कार्ड न्या. बोट परत दिल्यावर ही रक्कम सुटायला काही दिवस लागतात, म्हणून माहेतल्या शेवटच्या रात्रीच्या हॉटेलसाठी दुसरं कार्ड जवळ असू द्या.