पद्मिनीचा मागचा झुकाव: मापं घेतली, पाटे उतरवले

माझ्या 1986 च्या प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या सस्पेन्शनचं काम अखेर हाती घेतलंय. लक्षणं दोन. मागून पाहिलं की डावी बाजू बसलेली दिसते, आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे धरून ठेवावं लागतं. गॅरेजमध्ये सल्ला मिळाला की डावा पाटा (एकावर एक पोलादी पानं रचून केलेली मागची स्प्रिंग) बदला, सगळं ठीक होईल. पण दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच दोष असेल असं मी धरून चाललो नाही. उंची आणि मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या एक्सलची जागा, दोन्ही वेगवेगळी मोजली.

आधी उंची. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने फरशीची लेव्हल पाहिली आणि चारही टायरांत हवा नीट भरली. मडगार्डच्या कमानीवरून माप घेण्यात अर्थ नाही. या वयाच्या गाडीचा पत्रा किती वेळा ठोकून, पुट्टी भरून रंगवलेला असतो ते आपल्याला माहीत आहेच. म्हणून एक्सलच्या नळीपासून वर बॉडीच्या तळापर्यंत मोजलं. डावीकडे 22 मिमी कमी.

आता हा फरक मागचाच की पुढच्या एखाद्या स्प्रिंगमुळे आलेला? पुढच्या क्रॉस मेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मध्याखाली जॅक लावून दोन्ही पुढची चाकं अधांतरी केली. आता पुढचे स्प्रिंग हिशेबातून बाहेर, मागची बाजू फक्त स्वतःच्या पाट्यांवर. तरीही 19 मिमी फरक उरला. म्हणजे दोष मागेच. ही चाचणी पैसे खर्च करण्याआधी प्रत्येकाने करावी. फरक नाहीसा झाला असता, तर मागचे चांगले पाटे उगाच उतरवले गेले असते.

मग जागा. स्टिअरिंग सरळ ठेवून चारही चाकांच्या मध्यावरून ओळंबा सोडला आणि फरशीवर खडूने खुणा केल्या. पुस्तकी व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, 2340 मिमी. डावीकडे 2341 भरला, उजवीकडे 2332. एक्सलची उजवी बाजू पुढे सरकलेली. डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर साधारण सव्वा मीटर धरलं तर हा 0.4 अंशाचा तिरपेपणा होतो. मागची चाकं डावीकडे रोखलेली, म्हणून गाडी सरळ न्यायची तर पुढची चाकंही तितकीच डावीकडे धरावी लागतात. अलाइनमेंटच्या मशीनवर पुढचा टो (वरून पाहता पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) कितीही जुळवा, हे जाणार नाही. अखंड एक्सलला मागे जुळवायला काही नसतंच.

पाटे उतरवल्यावर दोन्ही कारणं डोळ्यांसमोर आली. उजव्या पाट्याचा सेंटर बोल्ट, म्हणजे पानं मध्यावर एकत्र धरणारा बोल्ट, तुटलेला. त्याचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसून एक्सलला जागेवर धरतं, यू बोल्ट नुसते आवळून ठेवतात. बैठकीवर सगळीकडे तांबूस गंज आणि मध्येच सात-आठ मिमीचा चकचकीत घासलेला पट्टा. एक्सल तिथेच पुढे-मागे सरकत होता. डावीकडे बोल्ट शाबूत, पण दुसऱ्या क्रमांकाचं पान बरोबर मधल्या भोकातून तडकलेलं. तडा जुना, आतून काळा. पाट्याच्या दोन डोळ्यांमध्ये (टोकांच्या वळवलेल्या कड्यांमध्ये) सुतळी ताणून कमान मोजली तर ती उजव्यापेक्षा स्पष्ट कमी. पाटा सपाट झाला की लांबतो, आणि पुढचा डोळा पक्का असल्याने एक्सल थोडा मागे जातो. डावीकडचा तो जादा मिलिमीटर बहुधा त्यातलाच.

म्हणजे झुकाव डाव्या पाट्याचा, तिरपेपणा उजव्या बोल्टचा. फक्त डावा पाटा बदलला असता तर गाडी उंचीला सरळ दिसली असती आणि तिरकीच धावली असती.

दोन्ही पाटे जोडीनेच पाटेवाल्याकडे दिलेत. तडकलेलं पान नवं, दोन्हींना सारखी कमान, सेंटर बोल्ट दोन्हीकडे नवे. एकाच बाजूची कमान वाढवून घेणं मला पटत नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली, पण टॅक्सींवर हात बसलेले पाटेवाले अजून आहेत. त्यांच्या हाताखालून काम करून घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या.

डोळ्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) रबर बुश आणून ठेवलेत. त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळणार. अधांतरी आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं, लवकर फाटतं आणि उंचीही चुकते. यू बोल्ट थोडी गाडी चालवून झाल्यावर पुन्हा आवळायचे, आणि मग ओळंबा पुन्हा सोडायचा. दोन्ही बाजूंच्या व्हीलबेसमध्ये 2 मिमीच्या आत फरक आला, तरच पुढच्या टो ला हात लावणार.