तुम्ही विचारलंत म्हणून: कायदेशीर आहे, मग दिवाळं कसं निघतं?

गणपतीत घरी फोन केला की कुणीतरी विचारतंच, अगं तुमच्याकडे बेटिंग कायदेशीर आहे ना, मग त्यात चांगल्या पगाराची माणसं बुडतात कशी? मी न्यू जर्सीत दिवाळखोरीच्या केसेस करणाऱ्या वकिलाकडे कागदपत्रं तयार करते, म्हणून मलाच विचारतात.

इथे अटलांटिक सिटीत १९७८ पासून कॅसिनो आहेत, पण तिथे जायला गाडी काढावी लागायची, आमच्या एडिसन गावाहून दीड-दोन तास, घरी काहीतरी सांगावं लागायचं आणि खिसा रिकामा झाला की परत यावंच लागायचं. मे २०१८ मध्ये इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, सुप्रीम कोर्टाने राज्यांना मॅचेसवरच्या बेटिंगला परवानगी देऊ न देणारा जुना केंद्रीय कायदा रद्द केला, जूनमध्ये आमच्याकडे मॅचेसवर कायदेशीर बेटिंग सुरू, आणि आता सगळं फोनवर. बायको शेजारी झोपलेली असते तेव्हासुद्धा.

आमच्याकडे माणूस येतो तेव्हा त्याच्या कर्जाच्या यादीत जुगार कुठेच नसतो, हे लोकांना माहीत नाही. असतात ती क्रेडिट कार्डं, पर्सनल लोन, थकलेले गाडीचे हप्ते. पगार ॲपमध्ये गेला म्हणून किराणासुद्धा कार्डावर. मी हायलायटर घेऊन बँक स्टेटमेंट बघायला बसते तेव्हा कळतं, एकाच तारखेला पन्नास-पन्नास डॉलर चौदा वेळा, खाली दुसऱ्या दिवशीचं दूध-अंडी, परत पन्नास.

२०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांचे क्रेडिट रेकॉर्ड तपासले, तर जिथे ऑनलाइन बेटिंग आलं तिथे दिवाळखोरी २५ ते ३० टक्क्यांनी वाढलेली. आणि लगेच नाही, साधारण दोन वर्षांनी. मला यात नवल वाटलं नाही, तेवढे दिवस कार्डं तग धरतात. कायदेशीर आहे म्हणजे धोका नाही असं माणूस धरून चालतो, तिथेच तो फसतो, असं माझं अगदी मनापासून मत आहे.

कोर्टाच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे, गेल्या वर्षभरात चोरी, आग, इतर आपत्ती किंवा जुगारात काही गमावलंत का. चारही एकाच ओळीत. खोटं लिहिता येत नाही, शपथेवर सही असते. मागे एकजण त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसला, मग हळूच विचारलं, यावर बायकोची सही लागते का?

म्हटलं, सही नाही लागत, पण एका घरात राहता म्हणून तिच्या पगाराच्या स्लिपा लागतील.