आठ बाइटच्या मालाला बहात्तर बाइट

मी एका पार्सल पोचवणाऱ्या कंपनीच्या बॅकएंडवर काम करते. ऑफिस अंधेरी पूर्वेला, पिनकोड ४०००९३. पिनकोड मुद्दाम सांगतेय, पुढे लागणार आहे. टीममध्ये नवीन पोरं आली की मी त्यांना हमखास एक प्रश्न विचारते: पार्सलचा नंबर दिला की हबचा नंबर मिळाला पाहिजे, दोन्ही साधे इंट (४ बाइटचे पूर्णांक), काय वापराल? उत्तर ठरलेलं असतं. "हॅशमॅप. ओ-ऑफ-वन आहे ना ताई!" आहे रे बाबा, नोंदी कितीही असोत, एका पायरीत उत्तर. पण त्या एका पायरीत किती सामान उचलावं लागतं ते बघ की जरा.

जावाच्या हॅशमॅपमध्ये (की दिली की तिची व्हॅल्यू काढून देणारं टेबल) इंट जसाच्या तसा जातच नाही. कलेक्शनच्या आत पहिल्यापासून फक्त ऑब्जेक्टला प्रवेश आहे; २००४ साली जावा ५ मध्ये जेनेरिक्स (कलेक्शनमध्ये कोणता प्रकार जाणार ते सांगायची सोय) आले, पण जुना कोड मोडणार नाही अशा बेताने, त्यामुळे तो नियम तसाच राहिला. त्यामुळे ४ बाइटच्या इंटचा १६ बाइटचा इंटिजर होतो. १२ बाइट हेडर (जावाची स्वतःची नोंद), ४ बाइट माल. की आणि व्हॅल्यू मिळून झाले ३२. या दोघांना धरून ठेवायला नोड लागतो. त्याचं हेडर १२, हॅश ४, तीन रेफरन्सचे (की, व्हॅल्यू आणि त्याच खणाच्या साखळीतला पुढचा नोड यांचे पत्ते) १२, असे २८ होतात, पण जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारं इंजिन) आठच्या पटीत मोजतं म्हणून ३२. दहा लाख नोंदी असतील तर ०.७५ च्या लोड फॅक्टरला (पाऊण भरलं की टेबल मोठं करायचं) टेबल २०,९७,१५२ खणांचं होतं, प्रत्येक खण ४ बाइट. सगळं मिळून साधारण ७२ एमबी. आपला खरा माल किती? ८ एमबी. (हबचे नंबर १२७ च्या आत असतील तर थोडी सूट आहे: −१२८ ते १२७ चे इंटिजर जावा आधीच करून ठेवतं आणि तेच पुन्हा पुन्हा देतं.)

रॅम स्वस्त आहे हे मला कुणी सांगू नये. रॅमपेक्षा मला राग येतो तो धावपळीचा. टेबलातून नोडकडे, नोडकडून कीकडे, मग व्हॅल्यूकडे, आणि यातलं कोण हीपमध्ये (ऑब्जेक्ट ठेवायच्या मेमरीत) कुठे पडलंय त्याचा नेम नाही. प्रोसेसर मेमरी वाचतो ती ६४ बाइटच्या कॅशलाइनने. सलग ठेवलेले १६ इंट एका दमात येतात. इथे मात्र एकेका इंटसाठी वेगळी खेप. वर नको असलेले ऑब्जेक्ट झाडून काढणाऱ्या गार्बेज कलेक्टरला तीस लाख ऑब्जेक्ट तपासायला लावायचे.

सी-शार्पमध्ये ही रड नाही, तिथल्या डिक्शनरीत इंट सरळ ॲरेमध्ये बसतात. आपल्याला फास्टयूटिल, एक्लिप्स कलेक्शन्स, अग्रोना या तयार जावा लायब्ररींपैकी कुणाच्या तरी दारी जावं लागतं. त्यांचं सूत्र सोपं: नोड नाही, इंटिजर नाही. एक ॲरे कीजचा, एक व्हॅल्यूजचा, किंवा दोन्ही आलटून पालटून एकाच ॲरेत. त्याच दहा लाख नोंदी, तेवढेच खण, आणि खर्च सुमारे १७ एमबी.

पण एकाच खणावर दोघांनी हक्क सांगितला तर? नोडची साखळी तर आपण काढून टाकली. इथे पिनकोड कामाला येतो. समजा ५१२ खणांचं टेबल आहे आणि खण ठरवायला आपण पिनकोडचे शेवटचे नऊ बिट घेतो. बोरिवली पश्चिमचा ४०००९२ जातो खण क्रमांक २२० मध्ये. ठाण्याच्या वागळे इस्टेटचा ४००६०४ सुद्धा २२० मध्येच, कारण दोघांत बरोबर ५१२ चा फरक आहे. मग वागळे इस्टेट पुढचा मोकळा खण बघतं. २२१? तिथे आमचं ऑफिस, ४०००९३. २२२? अणुशक्तीनगर, ४०००९४. मुंबईचे पिनकोड ४००००१ पासून जवळजवळ ओळीने ४००१०४ पर्यंत गेलेत, त्यामुळे ठाणेकरांना बरीच पायपीट करावी लागते. या पद्धतीला लिनिअर प्रोबिंग म्हणतात. तिच्यावरचा उपाय म्हणजे खण ठरवण्याआधी की घुसळून घ्यायची. फास्टयूटिल २६५४४३५७६९ ने गुणतं (दोनचा बत्तिसावा घात भागिले गोल्डन रेशो) आणि वरचे बिट खाली आणून मिसळतं. मग शेजारचे पिनकोड टेबलभर पांगतात.

टेबल किती भरू द्यायचं याचं गणित संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९६३ मध्येच मांडून ठेवलंय. टेबल अर्धं भरलेलं असेल तर नसलेली की "नाही" म्हणून कळायला सरासरी २.५ खण बघावे लागतात. पाऊण भरलं की ८.५. नव्वद टक्के भरलं की ५०.५! असलेली की मात्र नव्वद टक्क्यांनाही ५.५ खणांत सापडते. म्हणून मी आधी विचारते की तुमच्याकडे "सापडलं नाही" किती वेळा येतं. आमच्याकडे चुकीचे स्कॅन भरपूर येतात, म्हणून आम्ही लोड फॅक्टर अर्ध्यावर ठेवलाय. मालाच्या दुप्पट मेमरी जाते, जाऊ दे.

डिलीट करताना खरी गंमत. टेबलात फक्त बोरिवली २२० ला आणि वागळे इस्टेट २२१ ला बसलंय असं धरा. बोरिवली काढून २२० रिकामा केला. आता वागळे इस्टेट शोधायला गेलात तर २२० मोकळा दिसतो आणि उत्तर येतं, नाही बुवा. पार्सल गोदामात आहे आणि मॅप हात वर करतोय! म्हणून एक तर काढलेल्या जागी खूण ठेवावी लागते, नाही तर पुढच्या खणांतल्यांना एकेक करून मागे सरकवावं लागतं. फास्टयूटिल सरकवतं. खुणा ठेवल्या की त्या साचतात आणि टेबल भरलेलंच राहतं, त्यामुळे मला सरकवणंच पटतं.

आणि शून्य. इंटला नल, म्हणजे "काहीच नाही", नसतो, मग की नाही हे सांगायचं कसं? फास्टयूटिल न सापडल्यावर गुपचूप ० देतं, म्हणून मॅप बनवल्या बनवल्या डिफॉल्ट −१ करून टाका. अग्रोना तर मॅप बनवतानाच, कन्स्ट्रक्टरमध्येच विचारतं, नसलं तर काय देऊ? मला हा खडूसपणा आवडतो. कोड लिहिणाऱ्याला थांबून विचार करावा लागतो.

इतकं सांगून झालं की पोरं पिनकोडच्या टेबलालाही तोच मॅप लावायला निघतात. थांबा. पिनकोड सहा आकडी, म्हणजे दहा लाखांच्या आत. दहा लाख इंटचा साधा ॲरे घ्या, पिनकोड हाच इंडेक्स. ४ एमबी. हॅश नाही, टक्कर नाही, घुसळण नाही. देशात पिनकोड १९ हजारांच्या आसपास, म्हणजे बहुतेक जागा रिकामी राहणार, हे कबूल. पण ४ एमबीत कोडची एक ओळ आणि शून्य डोकेदुखी, मी कधीही घेईन. उलट दहा-बारा नोंदींचाच मॅप असेल तर दोन छोटे ॲरे आणि सरळ पहिल्यापासून शोध, हेही पुरतं. अँड्रॉइडचा स्पार्सॲरे यांच्या मधला: कीज क्रमाने लावतो आणि बायनरी सर्च करतो. तिथे मधेच नवीन की घुसवली की मागचं सगळं सरकवावं लागतं, म्हणून काही शेकड्यांपर्यंत ठीक, लाखांसाठी नाही.

फास्टयूटिल घेतलं तर एक लक्षात ठेवा: नेहमीच्या सवयीने एंट्रीसेटवर (मॅपमधल्या सगळ्या नोंदींवर) फिरून इंटिजरमध्ये व्हॅल्यू काढल्या की बॉक्सिंग (इंटचा इंटिजर होणं) मागच्या दाराने परत येतं. आयडीई (कोड लिहायचा एडिटर) त्या मेथडवर रेघ मारून दाखवतो, ती रेघ बघत जा. लायब्ररीची पूर्ण जार (फाइल) वीस एमबीच्या वर आहे, कोअरवाली छोटी जार बहुतेकांना पुरते.

आणि वरचे आकडे माझ्या शब्दावर घेऊ नका. ओपनजेडीकेचं जेओएल नावाचं टूल आहे, ते तुमच्याच जेव्हीएमवर प्रत्येक ऑब्जेक्टचं वजन छापून देतं. जावा २५ मध्ये हेडर ८ बाइटचं करण्याची सोय आलीय, पण ती आपण चालू करावी लागते. तिने नोड ३२ वरून २४ वर येतो. इंटिजर मात्र ८ अधिक ४ म्हणजे १२, आणि आठच्या पटीत पुन्हा १६च.