गोंधळगीताचा मिडी ऑडिओत: 655 सॅम्पलचा उलगडा

मागच्या नोंदीत अडकलेली गाठ सुटली. इंडियन टोन भरलेल्या जुन्या कीबोर्डला संगणकावरच्या रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधून गोंधळगीताचा मिडी (कोणता सूर कधी वाजवायचा याचे संदेश) पाठवायचा आणि संबळ, झांज, तुणतुणं, पेटी लाइनने, म्हणजे थेट वायरीने, ऑडिओत घ्यायची, एवढंच काम. पण संबळ ठोक्यामागे पडत होतं. सगळीकडे सारखंच मागे पडलं असतं तर ट्रॅक पुढे ओढून भागलं असतं. इथे 48 किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाची 48,000 मोजमापं, म्हणजे सॅम्पल) कुठे 412 सॅम्पल, तर कुठे 655. म्हणजे 8.6 ते 13.6 मिलिसेकंद.

लोकल कंट्रोल (कीबोर्डच्या पट्ट्यांनी त्याचाच आवाज वाजणं) बंदच होतं. ऑडिओ इंटरफेसचं (संगणकात आवाज आणणाऱ्या-नेणाऱ्या डब्याचं) आउट त्याच्याच इनमध्ये घालून क्लिक रेकॉर्ड केली, आलेला फरक रीपरच्या मॅन्युअल ऑफसेटमध्ये (रेकॉर्डिंग तेवढं सरकवणाऱ्या सेटिंगमध्ये) भरला, दुसऱ्या फेरीत फरक शून्य. ऑडिओची बाजू स्वच्छ. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढे सॅम्पल) 512 वरून 128 केला तरी डगमग तेवढीच.

घोळ होता मिडीच्या पाच पिनांच्या वायरीत. मिडीचा वेग सेकंदाला 31,250 बिट. एक बाइट 10 बिटांचा, नोट-ऑन (सूर सुरू करायचा संदेश) तीन बाइटांचा, म्हणजे एका नोटेला 0.96 मिलिसेकंद. समेवर झांज, तुणतुणं आणि पेटीचे तीन सूर आधी निघाले की संबळ सहावं, जवळजवळ 5 मिलिसेकंद उशिरा. त्यात घुमाऱ्यासाठी हाताने काढलेला पिचबेंड (सूर सरकवणारे संदेश)! मिलिसेकंदाला एक संदेश पडला तरी वायर भरून जाते, मग नोटांना वाट कुठून मिळणार?

उपाय साधा, पण वेळखाऊ. एका फेरीत एकच वाद्य, बाकीचे म्यूट. पिचबेंड विरळ केला: 960 टिकांच्या (वेळेच्या बारीक भागांच्या) ठोक्यात, 100 टेम्पोला, दर 16 टिकांना एक, म्हणजे 10 मिलिसेकंदांत एक. कानाला मींड तीच. आता फरक 403 ते 418 सॅम्पल. सगळा ट्रॅक 410 ने पुढे ओढला आणि संबळ क्लिकवर चपखल बसलं. चार वाद्यांच्या चार फेऱ्या लागतील, पण मिक्सला चार वेगळे ट्रॅक आयतेच मिळतील.

प्रोग्रॅम चेंज (टोन बदलायचा संदेश) पहिल्या नोटेच्याच टिकवर ठेवू नका, टोन बदलेपर्यंत पहिला ठोका गळतो. सुरुवातीला एक माप (बार) रिकामं सोडा, शेवटी तुणतुण्याची आस विरेपर्यंत दोन. स्वस्तातल्या यूएसबी-मिडी वायरींवर माझा तरी भरवसा नाही. इंटरफेसला पाच पिनांचं पोर्ट असेल तर तेच वापरा. वीज जाऊन इन्व्हर्टर लागला की थांबा, लाइनमध्ये गुणगुण येते. कूलर मात्र खुशाल चालू ठेवा, माइक नाहीच.

पुढे पेटी याच पद्धतीने घ्यायची होती. पण लिहिता लिहिता वाटतंय, संबळाचे बोल एकेक करून 32, 64, 96 आणि 127 व्हेलॉसिटीला (ठोक्याच्या जोराला) रेकॉर्ड करून एसएफझेड (संगणकातच वाजणारं, रेकॉर्ड केलेल्या ठोक्यांचं वाद्य) बांधावं. मग वायर नाही, फेऱ्या नाहीत, ऑफलाइन रेंडर (संगणकच ऑडिओ बनवतो, वाजवत बसायला नको). आणि असे सुटे ठोकेच घ्यायचे तर कीबोर्डचे कशाला? तुळजापूरकडचं खरं संबळ घ्यावं, प्रत्येक बोलाचे तीन-तीन ठोके, आलटून पालटून वाजतील असे. लग्नसराई सरेपर्यंत संबळवाले हाती लागायचे नाहीत, तोवर पेटी.