कुत्र्यांच्या बिस्किटांचा कारखाना

रविवार, १५ जून, बर्लिन

रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि खिडकीबाहेर अजून उजेड आहे. पोटऱ्या भरून आल्यात, कानात बारीक शीळ वाजतेय. आज सकाळी पोहे केले, दोन कप चहा घेतला, भांडी घासली आणि क्लबमध्ये नाचायला गेले. याच क्रमाने.

कचेरीतल्या पोलिश मैत्रिणीचा हा हट्ट. तिचं म्हणणं, शनिवारी रात्री रांगेत कुडकुडतात ते पाहुणे. शहाणा माणूस झोप काढतो, न्याहारी करतो आणि रविवारी दहाला जातो. इथले काही क्लब शुक्रवार-शनिवारी उघडले की थेट सोमवारी सकाळी बंद होतात, मधे थांबणं नाही. बंद करायची वेळच या शहरात नाही. १९४९ साली पश्चिम बर्लिनमधल्या त्सेलरमायर नावाच्या हॉटेलवाल्याने तिथल्या अमेरिकन लष्करी कमांडंटला गाठून ती उठवून घेतली. जाताना व्हिस्कीची बाटली नेली होती, असं इथे मिटक्या मारत सांगतात. आपल्याकडे दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद करायला येणारी पोलिसांची गाडी आठवली आणि हसू आलं.

खरं तर मी या प्रकाराला कानाला खडा लावला होता. दोन वर्षांपूर्वी एका नावाजलेल्या क्लबसमोर दोन तास रांगेत उभी राहिले. दारावरच्या माणसाने एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नुसती मान हलवली. संपलं. काळे कपडे घालतात असं वाचलं होतं म्हणून काळा ड्रेस घातला होता, कडक इस्त्री करून, कानात मोत्याच्या कुड्या. मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, ‘इस्त्री?’

आज गेलो ते सिसिफोसला. रुमल्सबुर्ग भागात, ट्रामने. पूर्वी इथे कुत्र्यांची बिस्किटं बनायची. आता त्या कारखान्याच्या आवारात वाळू, फळ्या ठोकून केलेल्या टपऱ्या, छोटंसं तळं, आणि आत हामाहाले नावाचं काळोखं नाचघर. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथलं अंगण खरोखरच वाकडं आहे, त्यामुळे ती एक सबब आयतीच मिळाली.

दारात पिशवी तपासली आणि फोनच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर गोल स्टिकर चिकटवले. आत फोटो काढायचे नाहीत. बर्लिनच्या बऱ्याच क्लबांचा हा नियम आहे. मला आधी ती नसती ऐट वाटायची.

हामाहालेत शिरले तर पहिली दहा मिनिटं काहीच कळेना. ठेका एकच, धप धप धप, मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा, आणि तो कानात कमी, बरगड्यांत जास्त. ढोलपथकाच्या अगदी पुढ्यात उभं राहिल्यावर होतं तसं, फक्त वरचा ताशा काढून घेतलेला. मी हात कुठे ठेवावेत याच विचारात. शेजारी सत्तरीचे वाटणारे एक आजोबा, कानात बोळे, हातात जपानी पंखा. एका जागी उभे राहून डोळे मिटून झुलत होते. कुणी कुणाकडे तोंड करून नाचत नव्हतं. सगळ्यांची तोंडं स्पीकरकडे. गोलही नाही आणि गोलाच्या मधोमध ढकललं जाणारं कुणीही नाही.

आणि तिथे मला मामेबहिणीच्या वरातीची कॅसेट आठवली.

सातारा, मी सोळा वर्षांची. गणपतीच्या मिरवणुका आम्ही मुली गच्चीवरूनच बघायच्या, पण वरातीत बँड लागल्यावर राहवलं नाही. नेमका तेव्हाच व्हिडिओवाल्याने दिवा माझ्यावर मारला. वीस सेकंद असतील. मग काकांनी दंडाला धरलं, ‘पुरे.’ ती वीस सेकंदं पुढची कित्येक वर्षं दर दिवाळीला लागायची. मागे करून परत लावायचे. ‘ही बघ, ही बघ!’ सगळे प्रेमानेच हसायचे, त्यात वाकडं काही नव्हतं. मी मात्र त्यानंतर कुठल्याच लग्नात नाचले नाही. पदार्थ वाढायला उभी राहायचे.

आज त्या स्टिकरवर बोट फिरवलं आणि नाचले. अडीच तास. कशी नाचले ते कुणालाच माहीत नाही, मलाही नाही.

बाहेर तळ्याकाठी बसून मैत्रीण जुन्या गोष्टी सांगत होती. बर्लिनची भिंत पडली तेव्हा पूर्वेकडे ओस कारखाने, तळघरं, मालक कोण याचा पत्ता नाही. पोरांनी आत शिरून स्पीकर लावले. ट्रेझोर हा क्लब तर १९९१ मध्ये वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीखान्यात सुरू झाला, नावाचा अर्थही तिजोरीच. बेर्गहाइन हा क्लब जुन्या वीजघरात. २०१६ मध्ये तर कोर्टाने सांगितलं की तिथला कार्यक्रम मैफलीसारखा धरायचा, म्हणजे तिकिटावर कर १९ नाही, ७ टक्के. करवाल्यांचं म्हणणं होतं, ही नुसती करमणूक. आपल्याकडे २००५ मध्ये डान्स बार बंद केले तेव्हाचे वाद आठवले. तिथे नाचणारी एक आणि बघणारे पन्नास, म्हणून तुलना तशी जुळत नाही. तरी नाच म्हटलं की सरकारला आधी बघणाराच का दिसतो, हे मला पडलेलं कोडं आहे.

२०२४ च्या मार्चमध्ये बर्लिनच्या टेक्नोला, म्हणजे या धप धप संगीताला, जर्मनीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्याच वर्षाच्या शेवटी स्प्रे नदीकाठचा वॉटरगेट क्लब बंद झाला, बावीस वर्षं चाललेला. ओबरबाउम पुलावरून त्याचे दिवे पाण्यात हलताना दिसायचे, मी कैकदा थांबून पाहिलेत. आत मात्र कधी गेले नाही. इस्त्रीची धास्ती.

चारला घरी आले. आंघोळ करतेय न करतेय तोच आईचा व्हिडिओ कॉल.

‘अगं, काळोखच दिसतोय. लाइट गेली का तुमच्याकडे?’

स्टिकर काढायचा राहिला होता.

‘आवाज का बसलाय तुझा?’

‘नाचले, आई. तीन तास.’ अर्धा तास मी उगाच वाढवला.

‘आत्ता? गणपतीला अजून अवकाश आहे की.’ मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, ‘कुणी बघितलं नाही ना?’

‘नाही गं.’

‘मग बरंय,’ म्हणाली. आणि लगेच, ‘पण तू दिसत का नाहीयेस?’