सही कोणाची घ्यायची?

इंग्लंडमधल्या लेस्टरला, गुजराती वस्तीच्या बेलग्रेव्ह रोडच्या आसपास कोणाच्याही घरी डॉक्युमेंटरीच्या शूटिंगला गेले की मी आधी फ्रिज बंद करते. त्याची घरघर एकदा आवाजात बसली की निघत नाही. गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवते, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणं शक्यच नाही. मग बांगड्या आणि साडी. रेशमी पदराखालचा माईक नुसता खसखसतो, म्हणून आदल्या दिवशी फोन करून सुती साडी नेसायला सांगते. या फिल्ममधल्या बा (गुजरातीत आईला, आजीला म्हणतात तशा) तरी रेशमीच नेसून बसतात.

मी मुलुंडची, गुजराती शेजाऱ्यांत वाढले, म्हणून हे काम जमतं. अनुदान देणाऱ्यांना त्याच्याशी देणंघेणं नाही. त्यांच्या रकान्यात आम्ही सगळे 'एशियन'. विषय 1972 चा. इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना 90 दिवसांत देश सोडायला सांगितलं आणि लेस्टर महापालिकेने तिथल्या 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात 'आमच्याकडे येऊ नका' अशी जाहिरात दिली. तरी हजारो आले. या विषयावरची फिल्म कशी हवी, तेही ठरलेलं असतं: सुटकेस, विमानतळ, डोळ्यांत पाणी, शेवटी दिवाळीची रोषणाई.

बांच्या मुलाने वडिलांनी कंपालात काढलेलं सुपर 8चं, म्हणजे घरगुती फिल्म कॅमेऱ्याचं, रीळ दिलं. डबा उघडताच व्हिनेगरचा भपकारा, म्हणजे फिल्म कुजायला लागलेली. आक्रसलेलं रीळ प्रोजेक्टरवर चढवलं तर दात भोकं फाडतात, म्हणून बिनदाती स्कॅनरवर करून घेतलं. 50 फूट, जेमतेम तीन मिनिटं, पण रंग काय टिकलेत! झोपाळा, गाडी, तरण्या बा. आणि जवळजवळ प्रत्येक शॉटच्या कडेला एक आफ्रिकन तरुण: मूल कडेवर घेतलेला, गाडी पुसणारा. कॅमेरा त्याच्यावर एकदाही थांबत नाही.

बांनी लॅपटॉपवर त्याच्यावर बोट ठेवलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं. पोरं त्याच्यामुळेच गुजरातीआधी स्वाहिली बोलायला लागली म्हणाल्या. तो जेवायचा मात्र मागच्या अंगणात. "सोबत पन्नासेक पौंडच नेता येत होते. बाकीचे तिथेच सोडायचे होते ना? तरी त्याचा शेवटचा पगार दिला नाही आम्ही. हे फिल्ममध्ये ठेव."

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन. "बेन, तेवढं काढा. आमचं सगळं लुटलं गेलं आणि लोक हेच धरून बसतील." त्याची भीती अगदीच खोटी नाही, इथले लोक धरतातच. शिवाय चित्रणाचा हक्क काढणाऱ्याचा, म्हणजे वडिलांचा, त्यांच्यामागे मृत्युपत्राप्रमाणे मुलाचा. बांची संमतीची सही फक्त त्यांच्या बोलण्यापुरती. आणि त्या तरुणाच्या सहीसाठी माझ्याकडे फॉर्मच नाही. एडिटर म्हणाला, चेहरा ब्लर कर. कडेला का होईना, तो दिसतोय, तर तेवढंही पुसायचं? अनुदानवाल्या बाई म्हणाल्या, छान आहे, पण विषयाला सोडून आहे. विषय त्यांच्या अर्जातला, बांचा नव्हे.

मी तोडगा सुचवला: चित्र काढून टाकू, काळ्या पडद्यावर नुसता बांचा आवाज ठेवू. मुलगा कुरकुरत तयार झाला. बांना सांगितलं तर म्हणाल्या, "तो दिसणार नसेल तर माझा आवाजही काढ."

तेवढा भाग सोडून बाकी फिल्म तयार आहे.