भुरी नोंद: अखेर फायब्रोसिन दिसलं!

तीन आठवडे ज्यासाठी डोळे शिणवले, ते काल रात्री पावणेबाराला सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. दुधीवरच्या भुरीचे, म्हणजे पानावर पिठासारखी पसरणाऱ्या बुरशीचे बीजाणू, आणि त्यांच्या पोटात चकाकणाऱ्या बारीक काड्या, हेच फायब्रोसिन. एकदोन शंकूसारख्या, एक तर चक्क कडीसारखी वळलेली. म्हणजे गच्चीवरची भुरी पोडोस्फेरा झॅन्थी या जातीची! गोलोव्हिनोमायसिस ही दुसरी भुरी असती तर हे कण मिळालेच नसते. वेलभाज्यांवर मुख्यतः या दोघी येतात आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखंच पांढरं पीठ.

अडलं कुठे? मी सेलोटेपने बीजाणू उचलून कॉटन ब्लू या निळ्या रंगात बसवत होते. साखळ्या निळ्याशार, देखण्या दिसायच्या, पण आतलं सगळं रंगात बुडायचं. मग साधं पाणी वापरलं. त्यात बीजाणूंमधल्या पोकळ्यांच्या कडांनाच मी दोनदा फायब्रोसिन समजले. शेवटी आतलं स्पष्ट दिसावं म्हणून 3 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, तरी काही नाही. दोष पोटॅशचा निघाला. सुट्ट्या घेतलेल्या गोळ्यांना हवा लागून चिकट ढेकूळ झालं होतं. त्यातून 3 टक्के कसले मोजणार? सीलबंद छोटी बाटलीच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. शिवाय माझी पानं फ्रिजमधली, बीजाणू शिळे. परवा वेलावरच्याच एका पानाची जुनी भुरी मऊ ब्रशने झटकली, काल नवी आलेली उचलली, ताजं द्रावण घातलं, सूक्ष्मदर्शकाचा डायफ्रॅम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) बराच मिटला. 40च्या भिंगाखाली पहिल्याच स्लाइडवर सापडलं. 0.17 मिमीच्या कव्हरस्लिपांचाही फरक पडला. आधीच्या जाड काचांवर कडा कायम धूसर यायच्या.

आता काकडीची बीजपत्रं ओल्या कापसावर ठेवून त्यांवर ही भुरी जगवायची. आगरवर (बुरशी वाढवायच्या जेलीवर) ती वाढत नाही, जिवंत पानच लागतं. तिथे अंकुरनळीला, म्हणजे बीजाणू रुजताना निघणाऱ्या नळीला, फाटा फुटतो का तेही बघायचंय. त्यानंतर हीच भुरी निरोगी झिनियावर लावणार होते.

पण सकाळी दुधीच्या पानावर पिवळा ढालकिडा, इलेइस सिंक्टा, भुरी चरताना दिसला. एका ठिकाणी पांढरं खरवडून खालचं हिरवं उघडं पाडलं होतं. थोड्या वेळाने तसाच एक शेजारच्या झिनियावर! आणि त्या झिनियावर भुरी आधीच आहे. मग लावण्याआधी तिचीच स्लाइड करायला हवी. फायब्रोसिन दिसलं नाही, तर हातभर अंतरावर दोन वेगळ्या भुऱ्या नांदतायत. दिसलं, तर या किड्याच्या पायांना चिकटून बीजाणू इकडून तिकडे जातात का, हे तपासायचं. झिनियासाठी वेगळा ब्रश आजच काढून ठेवलाय.